रावसाहेबांच्या ताब्यातला बेपत्ता माणूस

रावसाहेबांनी लाल पेन्सिलीने नरसय्याची बातमी खोडली आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रत, माझ्याकडे सरकवलं. सोलापुरात लष्करी कायदा होता. आमच्या साप्ताहिकातली बातमी त्यांच्या सहीशिवाय छापता येत नव्हती. त्यांना रावबहादूर व्हायचं होतं, त्यामुळे पेन्सिल जोरात चाले.

“तेवढी जागा कोरी सोडू?”

“मुळीच नाही. कोरी जागा लोक जास्त वाचतात.”

हे मात्र त्यांना बरोबर कळलं होतं.

नरसय्या हातमागावर साड्या विणायचा. शिपायांनी त्याला मागावरून उठवून नेलं, आणि आता कुठलीच चौकी त्याचं नाव घेईना. वकील म्हणाले, “अटकच कुणी कबूल करत नाही, तर अर्ज कशावर करू?” त्याची बायको यल्लम्मा प्रेसच्या पायरीवर येऊन बसली.

“अण्णा, नाव तरी छापा की. जिवंत हाय का न्हाय, कोन तरी बोलंल.”

जाहिरातींचं पान तपासणीला जात नसे. केसांच्या तेलात राजद्रोह असेल असं रावसाहेबांना वाटत नव्हतं. मी तेल आणि छत्र्यांच्या मधोमध मजकूर घातला : ‘बेपत्ता. नरसय्या, धंदा विणकाम, अंगाने किडकिडीत, गालावर देवीचे व्रण. दोन शिपायांबरोबर जाताना शेवटचे दिसले. ठावठिकाणा कळवावा.’

फोरमन दत्तोबा छपाईचे खिळे जुळवता जुळवता थांबला. “मालक, मुद्रक म्हणून खाली नाव तुमचं हाय. तुमालाच नेतील.”

“ठाऊक आहे. फर्मा आवळ आणि छापायला घे.”

अंक निघाला. मागामागांवर तो मोठ्याने वाचला गेला, तेलुगूत सांगितला गेला. रावसाहेब येणार हे उघड होतं, म्हणून वकिलांना मी प्रेसमध्येच बसवून ठेवलं. यल्लम्मा पायरीवर होतीच.

दुपारी ते आले, अंक हातात चुरगळून. “काय चावटपणा आहे हा? हा माणूस बेपत्ता नाही! आमच्या ताब्यात आहे!”

यंत्र थांबलं.

“तसं लिहून द्या, साहेब,” मी म्हणालो. “पुढच्या अंकात खुलासा छापतो.”

वकिलांनी टाक उचलला. “ताब्यात म्हणजे कुठं, रावसाहेब? तुरुंगात की छावणीत?”

“छाव...” शब्द अर्धाच तोडून रावसाहेबांनी शिपायांना हाक मारली. मग त्यांनी प्रेसला सील ठोकलं.

वकिलांनी त्याच दिवशी अर्ज केला. साक्षीदार खुद्द रावसाहेब. नरसय्याला शिक्षा झालीच, पण तुरुंगात यल्लम्माला त्याची भेट मिळू लागली. आमचं सील लष्करी कायद्याबरोबरच निघालं.

तेव्हापासून नवशिक्या बातमीदारांना मी एवढंच सांगतो : सरकार प्रश्नाला उत्तर देत नसेल, तर थोडं चुकीचं छापून बघावं. दुरुस्त करायला ते स्वतः चालत येतं.