क्लॅरिनेटवरचा भीमपलास

नव्वदीच्या दशकात निमगाव केतकीला मित्राच्या लग्नात मांडवामागे बँडमधले एक उतारवयाचे क्लॅरिनेटवाले एकटेच भीमपलास वाजवत बसले होते. मी बासरी शिकत होतो, म्हणून थांबलो.

“रागासाठी बासरी का नाही धरलीत?” मी विचारलं.

“आधी बासरीच हुती. पर वरातीत ती ऐकू येत न्हाय. घरी वाजवू म्हणलं, तर ओठाला ह्येचीच सवय लागली.”

मी माझी बासरी पुढे केली. त्यांनी दोन-तीनदा फुंकर घातली, पण नुसती हवाच गेली. त्यांनी ती बाहीनं पुसून परत दिली.

“तुमी सोडू नगा,” म्हणाले आणि वरातीला निघून गेले.

त्यांचा भीमपलास फार सुरेल होता. ते सांगायचं सोडून मी त्यांच्या हातात बासरी दिली, हे अजून सलतं.