पिराजीच्या खिशातले पत्ते

आमच्या तालमीच्या कट्ट्यावर मेंढीकोट बसला आणि पिराजीला मध्येच उठावं लागलं, तर तो हातातले पत्ते खाली ठेवत नाही आणि शेजाऱ्याकडंही देत नाही. शर्टाच्या खिशात घालतो, वरून हात दाबतो आणि जातो. नवी पोरं दात काढतात. "मामा, पत्ते चोरीला जात्यात व्हय?"  मला मात्र राग येतो. ज्याला काही माहीत नाही त्यानं खुशाल हसावं, पण निदान तोंड झाकून हसावं.

मी गुंडू. तालमीच्या समोर माझा टेलिफोन बूथ होता. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतो. पण नव्वदच्या दशकात अर्ध्या पेठेची सुखदुःखं माझ्या त्या काचेच्या खोक्यातून गेलेली आहेत, आणि पिराजीचं सगळं तर माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आधी आमच्या पेठेचा नियम सांगतो. मेंढीकोट चौघांचा, दोन जोड्यांचा खेळ. एका जोडीनं चारी दश्श्या ओढल्या की दुसरीवर कोट. आम्ही पैसे कधीच लावले नाहीत. पैसे लावणारा तो जुगारी, त्याला कट्ट्यावर जागा नाही. पण कोरडा डावही आम्हाला मानवत नाही. ज्यांच्यावर कोट होईल त्यांनी सगळ्यांना मटण घालायचं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासकट. जेवणाला जुगार म्हणणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्माला यायचा आहे.

पिराजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होता. हात चांगला, तोंड मोठं, मन त्याहून मोठं. पंच्याण्णव साली तो दुबईला गेला. म्हणजे दुबईला नव्हे. पण आखातातला कुठलाही देश आम्हाला दुबईच. जाताना मेंढीकोट आणि मटणाचा नियम दोन्ही सोबत घेऊन गेला. तिकडं खोलीत साताऱ्याचे दोघं होते आणि एक केरळचा वेल्डर. त्या वेल्डरला पिराजीनं खेळ शिकवून इतका तयार केला, की तो हुकूम टाकताना मराठीत शिवी द्यायचा. शुक्रवारी सुट्टी. मटण कुणीही घालो, शिजवणार पिराजीच, कारण संयोगिता, म्हणजे त्याची बायको, घरून कांदा-लसूण चटणी पाठवायची.

दोन वर्षांनी त्यानं विरूपाक्षाला तिकडं ओढला. हा त्याच्याच कारखान्यातला, वयानं लहान. मूळ गडहिंग्लजकडचं लिंगायत घर. वडील लवकर गेले. आई शांतव्वा आमच्याच बोळात भाड्यानं राहायच्या. त्या पिराजीला 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, आणि तो त्यांना 'अक्का'. विरूपाक्ष निघाला त्या दिवशी त्यांनी त्याचा हात उचलून पिराजीच्या हातात दिला होता. "तम्मा, एकुलता हाय. तुज्या हवाली केला बघ."

विरूपाक्ष मटण खात नव्हता, म्हणून तो डावातही नव्हता. जो खात नाही तो घालणार कशाला आणि जिंकून तरी करणार काय? तो आपला शेजारी बसून दही-भात आणि शेंगाची चटणी खायचा आणि दुसऱ्यांच्या चुका काढायचा.

अठ्ठ्याण्णव सालचा तो शुक्रवार. डाव रंगात आलेला, शेगडीवर पातेलं. चटणी खाली लागल्याचा वास आला तसा पिराजी उठला. आमच्याकडं उठणाऱ्याचे पत्ते शेजाऱ्यानं धरायचे, ही रीतच आहे. "विरूपाक्ष, धर जरा," म्हणाला आणि पत्ते त्याच्या हातात देऊन पातेल्याकडं गेला. तेवढ्यात दारात पोलीस. शेजारच्या खोलीतून तक्रार गेली होती. आमचा माणूस पत्ता टाकत नाही, आपटतो. आणि आपटताना ओरडतो. त्या परक्या मुलखातल्या कुणाला तो खून वाटला असेल तर त्याचं काय चुकलं?

पोलिसांनी गाद्या उलथल्या. पैसा कुठंच निघाला नाही. मामला मिटतच आला होता. जाता जाता त्यातल्या एकानं हिंदीत विचारलं, मग लावता तरी काय? चौघं खाली बघत बसले. आणि आमचा पिराजी, हातात पळी घेऊन, छाती काढून बोलला, "पैसा नहीं साब, पैसा हराम! जो हारेगा वो मटण खिलायेगा. हमारे कोल्हापूर का रिवाज है."

त्याला वाटलं, साहेब हसेल. कदाचित जेवायलाही बसेल.

साहेब हसला नाही. तिथल्या कायद्यात पैसा आणि बकरं यांत फरक नव्हता. हरणाऱ्यानं काहीही द्यायचं ठरलं असेल, तर तो जुगार. हातात पत्ते असलेले चौघं गाडीत गेले. त्यात विरूपाक्ष. हातात पळी असलेला पिराजी स्वयंपाकी ठरला आणि खोलीत राहिला.

शनिवारी दुपारी माझ्या बूथवर त्याचा फोन आला. मी संयोगिताला हाक मारली. खोक्याचं दार नीट लागत नसे, आणि पिराजीचा आवाज तर रिसीव्हरमधून रस्त्यावर यायचा. मी कानात बोटं घालणार होतो थोडीच! सगळं ऐकलं.

"विरूपाक्ष फकस्त म्हणला, मी खेळत नव्हतो," पिराजी सांगत होता. "मग पत्ते कुणाचे म्हणून इचारलं, तर गप बसला. माझं नाव घेतलं न्हाय त्यानं, संयोगिता. अजून घेतलं न्हाय."

"आन तुमी?"

"म्या काय! आमच्या कंपनीतला बाळासो फोरमन म्हणतोय, तू सुटलायस तर सुटलेलाच ऱ्हा. परवा त्यास्नी कोर्टात उभं करणार. त्याच्या जागी म्या गेलो तर जेल, आन भाईर आलो की इमानात. परत ह्या देशात पाय न्हाय." मग म्हणाला, "तू सांग. काय करू?"

संयोगितानं खोक्याच्या काचेतून समोर बघितलं. तिथून त्यांचं बांधकाम दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं ती काय बघत होती ते. खांब उभे होते, सळ्या वर निघालेल्या, स्लॅब राहिलेला. तीन वर्षं भाड्याच्या खोलीत पोरीला घेऊन ती त्या स्लॅबच्या आशेवर दिवस काढत होती. ती म्हणाली, "उद्या ह्याच टायमाला फोन करा," आणि रिसीव्हर ठेवला.

"भावजी, तुमी काय केलं असतं?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, मी कट्टा सोडून कधी गेलोच नाही, मला काय विचारतेस. खरं म्हणजे मी तिच्यावरच चिडलो होतो. असा प्रश्न कुणी कुणाला विचारू नये.

रविवारी ती वेळेच्या आधीच आली. डोळे सुजलेले. खोक्यात जाऊन फोनकडं बघत उभी राहिली. तिच्या तोंडावरून मला काही कळेना. कधी वाटायचं, ही म्हणणार "सांगून टाका"; लगेच वाटायचं, ही म्हणणार "गप ऱ्हावा". मी गल्ल्यातली तीच नाणी पुन्हा पुन्हा मोजत बसलो. माझा काय संबंध होता? पण बसलो.

आणि बरोबर त्या वेळेला शांतव्वा आल्या.

"गुंडू, माज्या विरूपाक्षाचा फोन न्हाय आला रे. शुकरवार बी गेला, कालचा दिस बी." त्या बाकड्यावर टेकल्या. खोक्यात संयोगिता दिसली तशा हसल्या. "तम्माचा फोन येनार हाय व्हय? बरं झालं. त्याला इचारते."

 संयोगितानं दार ओढून घ्यायचा प्रयत्न केला. ते कसलं लागतंय. मी शांतव्वांना म्हणालो, "अक्का, चहा घेता? कोपऱ्यावर जाऊन येऊ." त्या म्हणाल्या, नको, फोन हुकंल.

फोन वाजला.

संयोगितानं उचलला. "व्हय," म्हणाली. "व्हय, मीच." मग तिकडून पिराजी बोलत राहिला, आज हळू, मला शब्द कळेनात. संयोगिताचे ओठ हलायचे आणि थांबायचे. एकदा तिनं "आयका" म्हटलं. मग तिची नजर बाकड्यावर गेली. शांतव्वा पदरानं कपाळ पुसत, माझी पाळी कधी येते म्हणून बघत होत्या.

संयोगिता खोक्यातून वायर ताणून बाहेर आली आणि रिसीव्हर शांतव्वांच्या हातात दिला. नवऱ्याला एक शब्दही न सांगता.

 मला वाटलं, आता ही म्हातारी इथंच कोसळणार.

शांतव्वांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या मोठ्यानं बोलायच्या. "तम्मा, बरा हायस न्हवं? आवाज का बसलाय तुजा? विरूपाक्ष कुटं हाय? कामावर? असू दे, असू दे. जेवतोय न्हवं यवस्थित? शेंगाची चटणी सपली आसंल, धाडते." मग त्या हसल्या. "आन हे बघ तम्मा, तुज्या त्या मटनाच्या पातेल्याला त्याला शिवू देऊ नको हां. एवडं सांबाळ. बाकी तू हायस तितं, मला काळजी न्हाय."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. शांतव्वा थोडा वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिल्या आणि रिसीव्हर माझ्याकडं दिला. "'व्हय अक्का' म्हणला आन कट झाला बघ. सर्दी झाल्या वाटतं त्येला."

संयोगिता माझ्या पायरीवर बसली होती, तोंडाला पदर लावून. शांतव्वांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना वाटलं, नवऱ्याची आठवण आली.

पुढचे दिवस फोनची घंटा वाजली की मी दचकायचो. पिराजीचा फोन आलाच नाही. मग एका सकाळी विरूपाक्षाचा आला. त्यानं आईला नव्हे, संयोगिताला बोलवायला सांगितलं. "वैनी, म्या सुटलो. दादा आत गेला. रैवारीच जाऊन सांगिटलं त्यानं, पत्ते माजेच हुते म्हणून. बाकीच्या तिगांनी बी तेच सांगिटलं." आणि तो गडी फोनवर हमसून हमसून रडायला लागला. संयोगिता रडली नाही. "जेवा वेळेवर," एवढंच म्हणाली.

दोनेक महिन्यांनी पिराजी आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. साताऱ्याचे दोघं आणि तो केरळी, तेही आपापल्या घरी. पेठेत लोकांनी काय काय उठवलं! सोनं आणताना सापडला, दारू विकताना सापडला. मटणासाठी माणूस जेलात जातो यावर कोल्हापुरात कुणाचा विश्वास बसणार? पिराजी पुन्हा उद्यमनगरात लेथवर उभा राहिला, दुसऱ्याच्या कारखान्यात, तरण्या पोरांच्या हाताखाली. सळ्या गंजल्या. स्लॅब पडायला आणखी सात पावसाळे गेले.

शांतव्वांना सगळं कळलं तेव्हा त्या संयोगिताच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होतो, फोनचा निरोप घेऊन गेलतो. त्यांनी विचारलं, "यव्वा, पोरी, त्या दिशी फोन माज्या हातात का दिलास?"

संयोगिता भाकऱ्या थापत होती. वर न बघता म्हणाली, "माज्या तोंडातनं 'गप ऱ्हावा'च आलं असतं, अक्का. रातभर तेच घोकलं हुतं. म्हणून दिला."

शांतव्वा चुलीपाशी बसल्या आणि तिच्या शेजारी भाकरी थापायला लागल्या. त्यानंतर दोघींनी हा विषय काढलेला मला तरी माहीत नाही.

विरूपाक्ष तिकडं नऊ-दहा वर्षं राहिला. मध्ये यायचा, पण पिराजी त्याला टाळायचा. पाया पडायला आला तर मागच्या दारानं जायचा. शांतव्वा गेल्या तेव्हा दोघांनी खांदा दिला, तरी बोलणं नाही. दोन हजार आठला विरूपाक्ष कायमचा परत आला. त्या वर्षी गणपती गेल्यावर तालमीच्या मागं मटणाचं पातेलं चढलं होतं, कोट आमच्यावरच झाला होता. शिजवायला पिराजी, आणि डावातही पिराजी. विरूपाक्ष आला आणि न विचारता त्याच्या शेजारी बसला.

थोड्या वेळानं चटणीचा वास आला. पिराजी उठला, पत्ते खिशाकडं न्यायला लागला. विरूपाक्षानं हात पुढं केला. "आन हिकडं. म्या धरतो."

"न्हाय."

"आता हितं कुटला पोलीस येतोय, दादा?"

"पोलिसाचं न्हाय रं," पिराजी म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. "तुला नेलं तवा म्या पळी घिऊन हुबा हुतो. दोन दिस हुबा हुतो. दोन दिस!"

 पातेलं खाली लागत होतं, पण कुणी हललं नाही. मग विरूपाक्ष उठला. पिराजीच्या खांद्यावर हात दाबून त्यानं त्याला परत खाली बसवलं.

"मग बस तू. पत्ते ठेव तुज्याजवळच."

आणि जन्मात मटणाला न शिवलेला तो माणूस चुलीपाशी गेला, जुन्या धोतराच्या फडक्यानं पातेल्याचा काठ धरला आणि पळी घालून मटण खालपासून हलवायला लागला. वाफ तोंडावर येत होती तरी त्यानं मान फिरवली नाही. पिराजीच्या हातात पत्ते तसेच होते, आणि पाळी त्याचीच होती, पण आम्ही कुणीच त्याला घाई केली नाही.