क्लॅरिस आंटीचा अजगर आणि माझी गार्गी

क्लॅरिस मिस्किटाबद्दल चांगलं लिहायचं असं ठरवून बसलेय. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण खरं सांगू? दीड वर्ष मी या बाईवर इतकी जळलेय, की आजही तिचं कौतुक करायचं म्हटलं की माझा हात आखडतो.

मरोळ गावठाणात, आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गेटासमोर तिचं बैठं घर आहे. वय एकसष्ट. तरुणपणी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, कारखाना बंद झाल्यावर घरी मसाले कुटून विकायला लागली. नवरा वारला. एकुलता एक मुलगा ॲश्ली न्यूझीलंडला गेला आणि जाताना आईकडे दोन गोष्टी सोडून गेला, मोटरसायकल आणि अजगर. मोटरसायकल तिने महिन्याभरात विकली. अजगर मात्र ठेवला. परदेशी जातीचा, बिनविषारी, रीतसर नोंदणी केलेला, चारेक फूट लांब, नाव रेक्स. पुढच्या खोलीत आल्टरच्या खालीच त्याची काचेची पेटी. वर मेरी माता, खाली रेक्स.

"पोराचा जीव हाय त्याच्यात. दुसऱ्याला कसा देऊ?" हे तिचं उत्तर. आयुष्यात कधी झुरळ न पाळलेली बाई यूट्यूब बघून अजगर सांभाळायला शिकली.

माझी गार्गी तेव्हा दुसरीत होती. तिचं पाळणाघर अचानक बंद पडलं, सासर-माहेर दोन्ही कोकणात, आणि मी सीप्झमधल्या ऑफिसातून सहाच्या आत निघू शकत नव्हते. नवरा चैतन्य महिन्यातले वीस दिवस टूरवर. माझी उडालेली तारांबळ गेटाशी उभी राहून पाहणारी क्लॅरिस म्हणाली, "माझ्याकडे बसू दे ना पोरीला. मी घरातच हाय." माझं तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं.

महिन्याभरात माझी मुलगी "नाही"च्या जागी "नाय" म्हणायला लागली. मग तिच्या वेण्या बदलल्या. मी घालायचे त्या सैल, क्लॅरिस आंटीच्या घट्ट. माझ्या हातची भाकरी उरायला लागली, कारण आंटीकडे फुगे खाऊन पोट भरलेलं असायचं. हे फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, मीही खाल्लेत, झकास असतात, आणि त्याचाही मला राग यायचा. एकदा ताप आला तर ग्लानीत पोरगी म्हणते, "आंटी, पाणी." कपाळावर पट्ट्या मी ठेवतेय आणि ही पाणी आंटीकडे मागतेय! अंगाचा नुसता तिळपापड झाला. चैतन्यला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "अगं, बरंच आहे ना, जीव लावणारं माणूस मिळालं." पुरुषांना काही कळत नाही.

आणि रेक्स. रोज संध्याकाळी रेक्सचं पुराण. रेक्सने कात टाकली, रेक्स पाण्यात बसला, रेक्स माझ्या गळ्यात होता. दर दोन आठवड्यांनी त्याला एक पांढरा उंदीर लागायचा, आणि जिवंतच लागायचा. मेलेला घालून बघायचा प्रयत्न क्लॅरिसने चार वेळा केला, याने तोंड फिरवलं. उंदीर तीन-चार दिवस आधी यायचा आणि तेवढे दिवस त्याला दाणे घालायचं काम गार्गीचं. पण शनिवारी दुपारी उंदीर पेटीत सोडायची वेळ झाली की क्लॅरिस तिला घरी पाठवायची. उंदीर कुठे जातो हे गार्गीला माहीत होतं. बघितलं मात्र कधीच नव्हतं, आणि तेच तिला बघायचं होतं. त्यासाठी ती वर्षभर मागे लागली होती.

तर एका गुरुवारी मी गार्गीला न्यायला गेले तेव्हा क्लॅरिसने मला आत बोलावलं. गार्गी मागच्या पडवीत उंदराशी खेळत होती.

"श्वेता, पोरगी लय मागं लागलीय. आता तू आई, तू ठरव."

"किती वर्षांची झाली की दाखवतात?" मी विचारलं.

"वयावर नाय गो ते." ती स्टुलावर बसली. "माझ्या मायच्या घरी नाताळाला बदकं कापायचे. पोरांनी नुसतं उभं राहून बघायचं नाय. पातेलं धरणार असशील तर थांब, नायतर पळ. तमाशा नाय तो. आणि ज्या पोराने बदकाचं नाव ठेवलं असंल, त्याला त्या दिवशी आजोळी धाडायचे. नाव सुटलं की मग बघू दे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "गार्गी उंदरांना नावं ठेवायची. आता ठेवत नाय म्हणते. पण बघायला मिळावं म्हणून लबाडी करत असंल. तुला खरं सांगेल ती. तू आई. नाव हाय का नाय, तेवढं मला सांग."

उंदराचं नाव होतं. खोबऱ्या. आदल्याच रात्री गार्गीने माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं होतं. "आई, आंटीला सांगू नको हां. फक्त तुला माहितेय." दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या पोरीने आंटीपासून लपवून मला काही दिलं होतं. मी ते जपायला हवं होतं.

पण माझ्या डोक्यात काय आलं, ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. मला वाटलं, बघू दे हिला. हिच्या लाडक्या आंटीने हिच्या लाडक्या उंदराला हिच्या लाडक्या अजगराच्या तोंडी दिलेलं बघू दे एकदा. मग बघू किती आंटी-आंटी करते ते.

"नाही हो," मी म्हणाले. "आता नावंबिवं नाही ठेवत. मोठी झालीय. दाखवा तुम्ही."

शनिवारी मी मुद्दाम गेले. क्लॅरिसने पडदे ओढले, गार्गीला उंदराचा डबा धरायला लावला, आणि तीनदा विचारलं, "बाय, नक्की ना?" गार्गीने मान हलवली. उंदीर पेटीत उतरला. कोपऱ्यात जाऊन मिशा पुसायला लागला. रेक्स हलतच नव्हता. मला वाटलं काही होत नाही. मग एका क्षणात झालं, आणि गार्गी ओरडली, "खोबऱ्या!"

एकदाच ओरडली. डबा हातातून पडला, दाणे लादीभर झाले. क्लॅरिसने पेटीकडे बघितलं नाही, गार्गीकडेही नाही. माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली, आणि तिला सगळं कळलं.

मग ती गुडघ्यांवर बसली आणि गार्गीला म्हणाली, "चूक माझी, बाय. मी दाखवायला नको होतं. आंटी चुकली." मी लादीवरचे दाणे गोळा करत राहिले.

त्या दिवसापासून गार्गी तिथे जाईना. मी ऑफिसात भांडून तीन आठवडे घरून काम घेतलं. पोरगी शाळेतून आली की माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची. माझ्या हातच्या सैल वेण्या, माझी भाकरी, रात्री माझी कूस. मला आनंद झाला. पाप वाटतं, पण झाला. पहिला आठवडा तर मी हवेत होते. मग लक्षात आलं, पोरगी बोलत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर. रडत नाही, हट्ट नाही, जेवणही अर्धं.

तिसऱ्या आठवड्यात मासळीवालीच्या पाटीपाशी क्लॅरिस भेटली. आता ही चारचौघांत माझी वाट लावणार, या तयारीनेच मी उभी राहिले.

"पोरगी बरी हाय ना?" तिने विचारलं.

"बरी आहे."

"माझ्यावर रागावली असंल तर रागावू दे. मी तिला काय सांगणार नाय. आईवरचा भरवसा गेला तर लेकराने जायचं कुठं?" एवढं बोलून ती बोंबील निवडायला लागली.

मी घरी येईपर्यंत धुमसत होते. तिने मला शिव्या घालायला हव्या होत्या. तेवढं तरी माझ्या हक्काचं होतं. आता चांगुलपणातसुद्धा हीच पुढे!

दुसऱ्या दिवशी रविवार. मी गार्गीच्या केसांना तेल लावत होते. माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "आई, आंटी माझ्यावर चिडली असेल ना?"

"तुझ्यावर? कशाला?"

"मी तिला सांगितलं नाव नाही म्हणून. खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तिने मला घरी पाठवलं असतं, आणि मी मागितलं असतं तर खोबऱ्याला दुकानात परत दिलं असतं. माझ्यामुळे मेला तो."

आठ वर्षांची पोर तीन आठवडे हे पोटात घेऊन माझ्या शेजारी झोपत होती, आणि मला वाटत होतं ती माझी झाली.

"गार्गी, आंटीने मला पण विचारलं होतं," मी म्हणाले. "उंदराचं नाव आहे का म्हणून. मला माहीत होतं. मी नाही म्हणून सांगितलं. तिने तुझं नाही, माझं ऐकलं."

ती वळली. "का?"

काहीतरी सांगता आलं असतं. विसरले, घाईत होते, असलं काहीतरी. पण ती बघत होती. "तू घाबरावीस म्हणून. तिच्याकडे जायचं सोडावंस म्हणून. मला तुझी आंटी आवडत नव्हती, कारण तुला ती फार आवडायची."

गार्गीने तेलाची वाटी बाजूला सारली. मग उठली. अर्ध्या केसांना तेल, अर्धे कोरडे, तशीच चपला घालून जिना उतरली. मी मागे पळाले. गेट ओलांडताना तिने मागे वळून बघितलंही नाही.

क्लॅरिस नुकतीच चर्चमधून आलेली, फुलाफुलांचा झगा अजून अंगावर होता. गार्गीने जाऊन तिच्या पोटात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. हुंदके देऊन, अंग हलवून, श्वास अडकेपर्यंत रडली. तेलाचा डाग त्या चांगल्या झग्यावर पसरत गेला. क्लॅरिस नुसती पाठीवरून हात फिरवत होती.

मी दारात उभी होते. तीन आठवडे माझ्या कुशीत झोपून माझी पोरगी एकदाही रडली नव्हती. रडायला तिने हे घर निवडलं. आणि इतकं सगळं झाल्यावरही, देवाशपथ सांगते, त्या झग्याच्या जागी मी असते तर, एवढंच माझ्या मनात येत होतं.