गुणवंत डोळक्यांचा हात

गुणवंत डोळके बोलताना अडखळतात, हे शरयूबाईंना लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. बघण्याच्या कार्यक्रमात सगळं बोलणं मुलाच्या मामांनी उरकलं होतं. "फसवलं मला," असं त्या अजून चारचौघांत सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

पण जबलपूरच्या तारघरात याच माणसाचा हात मोर्सच्या किल्लीवर पडला की ऐकत राहावं. कट्ट-कडकट्ट, एक ठोका इकडचा तिकडे नाही. निवृत्तीनंतर त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला, कॉलसाइन म्हणजे हवेवरचं सांकेतिक नाव मिळवलं आणि जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या घरात, मागच्या खोलीत, स्वतः संच बांधला. फक्त मोर्सचा. माईकसाठी भोकसुद्धा पाडलं नाही.

रोज सकाळी सातला बालाघाटचे तुळशीराम संचावर भेटत. अकरा वर्षं झाली. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही. फोन नंबर घेतलेच नाहीत. फोनवर बोलणार कोण? या मंडळींत माणूस हातावरून, म्हणजे ठोक्यांच्या ढबीवरून ओळखतात. तुळशीरामांच्या लेखी गुणवंत म्हणजे भरभर बोलणारा, चेष्टेखोर गडी.

दिवाळीनंतर तो हात कापू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बरं होईल असं मात्र म्हटलं नाही. किल्लीवर एका ठोक्याचे दोन होऊ लागले. एका सकाळी तुळशीरामांनी साफ कळवलं, "यह हाथ गुणवंतजी का नहीं. दूसरे का कॉलसाइन मत चलाइए, शिकायत कर दूँगा."

गुणवंतांनी संच बंद केला. तीन आठवडे सात वाजले की ते उगाच गच्चीवर जाऊन उभे राहत.

शरयूबाईंनी कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. त्यांनी गुपचूप आवाजाचं सर्किट आणि माईक मागवला आणि टेबलावर आपटला.

"तोंड पाडून काहून बसून राहिले? हे लावा अन् बोला त्याच्याशी."

"त-त-तो म्हणेल, हा को-कोण?"

"त्याने तुमचा आवाज ऐकला का कधी? मग हा तुमचा नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणेल?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच गुणवंतांना राग आला. तरी दोन दिवस न्हाणीघरात नळ सोडून त्यांनी सराव केला. स्वतःच्या नावाचा 'ग' काही केल्या सुटेना. शाळेत मास्तर नाव विचारत तेव्हा वर्ग आधीच हसायला लागे. किल्लीवर आजवर कोणी हसलं नव्हतं. तिथे एकच माणूस आपल्याला बोलका समजतो, आणि त्याच्यापुढेही आता त-त-प-प करायचं?

तिसऱ्या दिवशी शरयूबाई सोल्डरिंग गन तापवून उभ्या राहिल्या. "तुमचा हात कापतो ना, मी लावून देते. बोला, कुठे?"

गुणवंतांनी संचाचं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि परत लावलं.

"न-नको."

"चलो, मग बसा गच्चीवर!"

दुसऱ्या दिवशी सातला ते किल्लीपाशी बसले. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. नव्या पोराला शिकवावं इतक्या संथ गतीने एकेक अक्षर पाठवलं : मीच आहे. हात कापतो. आजार आहे. तुमचा गुडघा कसा? गुडघ्याचं ऑपरेशन तुळशीरामांनी फक्त त्यांनाच सांगितलं होतं.

पलीकडून ठोके आले, अगदी तितकेच संथ. समोरच्याच्या गतीने उत्तर द्यायचं, हा या मंडळींचा रिवाज. "माफ कीजिए, गुणवंतजी. आराम से भेजिए."

एवढी दोन वाक्यं यायला कितीतरी वेळ लागला. पूर्वी तेवढ्यात पाच विनोद झाले असते. गुणवंत ऐकत राहिले. माणूस परत मिळाला होता. पण तो आता आजाऱ्याशी बोलावं तसा जपून बोलत होता.

शरयूबाई दारात उभ्या होत्या. टेबलावरचं माईकचं खोकं उचलत म्हणाल्या, "परत करायची मुदत रविवारपर्यंत आहे. पाठवून देऊ?"

गुणवंतांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मनगट सोडलं होतं, तो कापतच होता.

"र-र-राहू दे," ते म्हणाले.