ओढ्याची साफसफाई

आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना सगळे ओढेबाईच म्हणत. दर ऋतूत त्या मुलांना घेऊन कॉलेजमागच्या ओढ्यात उतरत आणि दगड उलटून खालचे किडे शोधत. किडे भरपूर, तर पाणी चांगलं, असा त्यांचा साधा हिशेब.

यंदा ही पाहणी बघायला मोठे पाहुणे येणार होते. म्हणून प्राचार्यांनी आदल्या दिवशी ओढाच धुऊन घेतला. दगड ब्रशने घासले, शेवाळ खरवडलं, वर जंतुनाशकही ओतलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी खूप शोधलं, पण जाळीत काही म्हणता काही येईना.

"बघा, औषधाला किडा नाही!" प्राचार्य पाहुण्यांना छाती फुगवून म्हणाले.

"खरंय सर," बाई म्हणाल्या. "ओढा मेलाय."

पाहुण्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि स्वच्छतेची ढाल प्राचार्यांच्या हाती दिली. टाळ्या चालू असतानाच बाई चपला हातात घेऊन कुंपणापलीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला गेल्या. मुलंही मागोमाग निघाली. तिथे पहिलाच दगड उचलताना एका मुलीचं बोट खेकड्याने पकडलं. ती किंचाळली, तशा बाई हरखून ओरडल्या, "शाब्बास! हे सगळे येतील गं हळूहळू वाहत खाली. फक्त प्राचार्यांना सांगू नकोस!"