लोखंडी खांबावरची घार

१९५८ च्या फेब्रुवारीतला एक रविवार. गिरगावातून निघालो ते दोघंच, मी आणि हे. लालबागला माझी भावजय वत्सला आणि तिच्या शेजारचे सोनावणे, गिरणीतले फिटर, असे दोघं मिळाले. सामान म्हणजे पाण्याचा तांब्या, छत्री आणि वत्सलेसाठी पोह्याचे पापड. निमित्त एकच. तिच्या चाळीच्या गच्चीवर घारीने घरटं केलं होतं, ते पाहायचं.

ट्राममधून उतरताच भाजत्या मिरच्यांचा ठसका लागला. वत्सला नाक्यावरच उभी होती. "वन्सं, उशीर केलात. घरटं हलवलं!"

संध्याकाळी चाळीपुढे संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. भोंगा बांधायला गच्चीवरचा लोखंडी खांब हवा, म्हणून सोनावण्यांनी सकाळी घरटं पिल्लासकट अलगद उतरवून अंगणातल्या पिंपळावर ठेवलं होतं.

"पाखराला झाडच बरं, नाही का?" ते म्हणाले. ह्यांनीही मान डोलावली.

घारीला ते पटलं नव्हतं. ती रिकाम्या खांबाभोवती शीळ घालत फिरत होती. पिंपळाकडे फिरकतही नव्हती. तिथे कावळे जमू लागले होते.

"तां पिल्लू मरतला (ते पिल्लू मरेल)," वत्सला म्हणाली. घाबरली की ती मालवणीवर येते.

मी म्हटलं, "घरटं परत वर ठेवा. भोंगा दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला बांधा."

"बाई, कठड्यावरून पलीकडच्या चाळीत आवाज कसा जाणार?"

"दिल्लीपर्यंत जातो म्हणता ना सोनावणेभाऊ?" वत्सला म्हणाली. "मग पलीकडच्या चाळीचं काय घेऊन बसलात!"

सोनावणे हसले, आणि डोक्यावर वत्सलेचं पातेलं पालथं घालून घरटं घेऊन खांबावर चढले. घरट्यात गिरणीचं सूत होतं, तारांचे तुकडे होते, कुठल्याशा मोर्चातल्या झेंड्याची चिंधीही होती. घारीने दोनदा झडप घातली. पातेलं ठणठणलं. ते खाली उतरले तरी ती दूर धुराड्यावर बसून राहिली. आम्ही जिन्याच्या दाराआड थांबलो.

मग ती उडाली, जवळच्या दोरीवरचा सुका बोंबील उचलला आणि थेट घरट्यावर उतरली.

"माझाच बोंबील!" वत्सला म्हणाली, पण डोळे पुसत.

परतताना ट्राममध्ये हे म्हणाले, "झाड सोडून लोखंड?" मला त्यात नवल वाटलं नाही. इथली झाडं आपणच तोडली आणि खांब उभे केले. तिने त्या खांबावर संसार मांडला. आता तिला जपायचं तर तो खांबच जपायला हवा. पिंपळ आपल्याला बरा वाटतो, तिला नाही.

सभा झाली. आवाज पलीकडे पोचला, असा निरोप आला. पातेल्याचा पोचाही निघाला. पण होळीनंतर मालकाचा मुकादम गच्चीवरचे खांब खरवडून रंगवायला येणार आहे. पिल्लू उडेपर्यंत थांबा, हे त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.