बारा डाव्या बाह्या

आमच्या घरी ह्यांच्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही, हा नियम बावीस वर्षं चालला. हे टेलर. मुलींचे झगे ही ह्यांची खासियत. हे कापणार, मी शिवणार, अशी आमची वाटणी.

दृढीकरणाच्या रविवारला अकरा दिवस राहिले होते. हे न्हाणीघरात घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर दीड महिना. टेबलावर सहा मुलींचं पांढरं साटीन तसंच पडून. त्या रविवारी सहाजणी चर्चमध्ये उभ्या राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणार होत्या, आणि त्यांच्या झग्यांना अजून कात्रीसुद्धा लागली नव्हती.

काळजी करायला मला निमित्त लागत नाही. लेक पाच मिनिटं उशिरा आली तरी माझ्या डोळ्यांपुढे अ‍ॅम्ब्युलन्स उभी राहते. हे मात्र उशीवर हात ठेवून शांत.

"देव बघेल," हे म्हणाले.

"देव बघेल, पण कापेल कोण?"

"नाहीच जमलं तर कापड परत करू."

"अहो, एवढ्या दिवसांत त्यांना दुसरं कोण शिवून देणार आहे?"

लेक वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळा भार प्रभूवर टाकता. आईवर एक कात्री टाकवत नाही का?"

आम्ही तिघांनी प्रार्थना केली. आमेन म्हटल्यावर हे म्हणाले, "घे. खडूच्या रेषेबाहेर मात्र जाऊ नकोस."

पाठ, पुढचा भाग, घेर, सगळं नीट कापलं गेलं. हे शेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने दाखवायचे. शेवटी बाह्या राहिल्या. तेवढ्यात हे औषध घ्यायला आत गेले. सहाही कापडं सुलट बाजू वर करून एकावर एक ठेवली होती. मी एकदा बाहीचा कागद ठेवून कापलं, मग तोच कागद पुढे सरकवून पुन्हा कापलं. दुसऱ्या खेपेला तो उलटा करायचा असतो, हे ध्यानातच आलं नाही. बाराही बाह्या डाव्या झाल्या. साटीनची चमक एकाच बाजूला, त्यामुळे उलटून लावायचीही सोय नाही. जास्तीचं कापडही नव्हतं.

हे आले, बघितलं, एक बाही उचलून स्वतःच्या खांद्याला लावली.

"प्लास्टरच्या हाताला बाही नको, हे बरोबर ओळखलंस."

"थट्टा सुचतेय तुम्हाला? पोरींना काय घालू मी?"

"थांब जरा." हे डोळे मिटून बसले. प्रार्थना करत होते की कापड मोजत होते, मला आजवर सांगता येत नाही. मग म्हणाले, "लांब बाह्या आहेत ना? त्यातल्या सहांमधून कोपरापर्यंतच्या उजव्या निघतील. उरलेल्या सहा तेवढ्याच आखूड करू. पोरींच्या आयांना विचारावं लागेल. मी बोलतो."

"नाही. चूक माझी, मीच बोलते."

सहा फोन केले. पाचजणी लगेच हो म्हणाल्या. सहावी म्हणाली, "आम्ही लांब सांगितल्या होत्या. इतकी वर्षं शिवणाऱ्या बाईलाही डावं-उजवं कळत नाही वाटतं." मी पुन्हा माफी मागितली. अखेर तीही म्हणाली, "बरं, कोपरापर्यंत चालतील. शिवण तरी सरळ घाला."

झगे शनिवारी दुपारी इस्त्री होऊन गेले.

मनगट पूर्वीसारखं वळेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी ह्यांना रोज विचारते, हे रोज तेच "देव बघेल" म्हणतात, आणि आताशा ते ऐकून मला झोप लागते.

रविवारी सहाजणी वेदीपुढे गुडघे टेकून बसल्या. पाळकसाहेब एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत होते. माझे डोळे भरून आले. हे माझ्या कानाशी वाकले.

"तिसरीची उजवी बाही पाव इंच वर गेलीय."

"डोळे मिटा," मी म्हटलं.